पूजेतली पुस्तकं

गणपतीचं मखर मी बरं करतो. आधी थर्माकोलचं करायचो, पुढे पुठ्ठ्याचं करायला लागलो. एवढ्याशा भांडवलावर आमच्या घरात मला कलेतला माणूस समजतात. चिखल्याला आमची चिकूची वाडी आहे, आणि वाडीत कलेला फारसं काम नसतं. करंडी भरताना मोठे चिकू वर आणि बारके खाली ठेवायचे, हीच काय ती मांडणी. तीसुद्धा व्यापारी हात घालून लगेच ओळखतो. त्यामुळे डहाणूच्या संग्रहालयानं सचित्र पुस्तकांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि संयोजक म्हणून मला नेमलं, तेव्हा घरात कोणालाच नवल वाटलं नाही. नवल फक्त मला वाटलं.

खरं कारण साधं होतं. पुस्तकं आमची होती. म्हणजे आत्याची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. जन्मभर शाळेत शिकवलं, निवृत्त झाली आणि आमच्याच घरात मागच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटासकट राहत होती. पुस्तकं घेतलेली आजोबांनी. शेजारच्या वाडीतलं एक इराणी कुटुंब सगळं आवरून परदेशी निघालं, तेव्हा गावानं त्यांचे पलंग घेतले, भांडी घेतली, कोणी घोडागाडी घेतली. आजोबांनी पुस्तकं घेतली. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, आणि त्यातली निम्मी पुस्तकं तर इंग्रजीतही नव्हती. पण त्यांत चित्रं होती. वेगळ्या कागदावर छापून पानावर चिकटवलेली रंगीत चित्रं, आणि प्रत्येकावर कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ कागद. तो उचलायचा आणि मग खालचं चित्र बघायचं. आजी म्हणायची, "नवरीचा पदर उचलल्यासारखं चाललंय. सरळ बघा की." पुढे आजोबांना नादच लागला. गुजराती, मराठी, जिथं चित्र दिसेल ते पुस्तक घरी. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायचं नाही, आणि चिकूच्या दिवसांत धुतले तरी नाही, कारण चिकूचा चीक नुसत्या पाण्यानं जात नाही, हा त्यांचा नियम. आत्या त्या नियमांत वाढली. आम्ही मुलं तिच्या नियमांत वाढलो, म्हणून आम्ही पुस्तकांच्या वाटेला फारसे गेलोच नाही.

संग्रहालय म्हणजे डहाणूत एका वाचनालयाच्या वरचा मजला. तिथं काही मूर्तींचे तुकडे होते, पितळी दिवे होते, एका होडीचं सुकाणू होतं, आणि एक लोखंडी नळी होती. ती तोफ आहे असं सचिवांचं मत होतं, आणि पाण्याचा पाइप आहे असं बाकी सगळ्यांचं. पालघर जिल्हा वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्यात काहीतरी पहिलंवहिलं आपणच करावं, अशी तेव्हा प्रत्येक संस्थेला घाई होती. आमच्या वाट्याला सचित्र पुस्तकं आली.

ज्याला सांगावं तो विचारायचा, "म्हणजे वारली का?"

"नाही हो. पुस्तकांतली चित्रं."

"हां. वारलीची पुस्तकं."

काही दिवसांनी मी नुसतीच मान हलवायला लागलो.

मुंबईच्या एका संग्रहालयातल्या मॅडम सल्ला द्यायला येऊन गेल्या. त्यांनी सगळी पुस्तकं पांढरे हातमोजे घालून बघितली, आणि आम्ही आजवर त्यांना उघड्या हातांनी बघत होतो याबद्दल चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "उजेड कमी ठेवा, ओल येऊ देऊ नका, आणि दर पुस्तकाचं कुठलं पान उघडं ठेवायचं ते आधी ठरवा." समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ओल येऊ देऊ नका हे ऐकून समितीतले एक गृहस्थ हसले. ते सुकटीचे व्यापारी होते.

पान ठरवणं हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. चित्र भिंतीवर लावलं की सगळं दिसतं. पुस्तक काचेत ठेवलं की त्याचं एकच पान उघडं राहतं आणि बाकीचं पुस्तक मुकाट्यानं त्या पानाला धरून बसतं. घरात पाच मुली असाव्यात आणि स्थळासमोर एकीलाच चहा घेऊन पाठवावं, तसं. मी आत्याला विचारलं, "कुठली पानं उघडी ठेवू?"

"सगळी."

"एका पुस्तकाचं एकच ठेवता येतं, आत्या."

"मग प्रदर्शन कशाला म्हणतोस? दाराला कुलूप लाव आणि फटीतून बघा म्हण."

पण एका पुस्तकाबाबत ती पक्की होती. बर्फातल्या कुठल्याशा गावातला पूल आणि पुलावर पाठमोरी उभी असलेली एक बाई, हातात कंदील. ते चित्र पुस्तकाच्या अगदी शेवटाजवळ होतं. मॅडम म्हणाल्या, इतकं शेवटचं पान उघडून ठेवलं तर शिवणीवर ताण येईल. तेव्हा मी डाव्या बाजूला कमी आणि उजव्या बाजूला जास्त उंचीचा पुठ्ठ्याचा उतार करून दाखवला. मॅडमनी तो उचलून बघितला आणि विचारलं, "हे कुठं शिकलात?" मखरावर, असं सांगायला जीभ रेटेना. मी म्हटलं, "सवयीनं येतं." सगळ्या प्रदर्शनात माझा म्हणावा असा विजय तेवढाच.

काचपेट्यांचं काम तलासरीच्या एका सुताराला दिलं होतं. त्यासाठी चार-सहा खेपा झाल्या. मी त्याला कागदावर आकृती काढून दिली. त्यानं ती बघितली, घडी करून खिशात ठेवली आणि त्याला जे येत होतं ते केलं. तो त्या पट्ट्यातल्या सगळ्या फरसाणवाल्यांची काउंटरं करायचा. पेट्या आल्या त्या तशाच आल्या: पुढून तिरपी काच, मागून सरकती काच, त्याला कुलूप, आणि आत पिवळा दिवा लावायची सोय. दिसायला सुरेख. फक्त प्रत्येक पुस्तकाशेजारी पापडीचं ताट नाही एवढंच जाणवायचं. दिवे मी काढून टाकले. सरकत्या काचा आणि कुलपं राहिली. सगळ्या कुलपांना एकच चावी होती आणि ती सचिवांकडे होती.

हे सगळं मी इतक्या हौसेनं का करत होतो, ते सांगायला हवं. आत्याचे डोळे जात होते. वलसाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. सरळ बघितलं की मधे धुक्याचा गोळा यायचा आणि कडेकडेचं दिसायचं. म्हणून आमच्याशी बोलताना ती आमच्या कानाकडे बघायची. नवीन माणूस मागे वळून बघायचा, पाठीशी कोण उभं आहे म्हणून. पुस्तकातलं चित्र बघायचं तर ती चित्राबाहेरच्या कोऱ्या पट्टीकडे बघायची. "चित्राकडे बघितलं की चित्र जातं," ती म्हणायची, "आणि कडेला बघितलं की हळूच येतं. मांजरासारखं झालंय." इंजेक्शनं चालू होती. पण राहिलेलंही कमी होत जाणार, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. किती दिवसांत, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

पुस्तकं द्यायला ती तयार झाली ती एकाच कारणासाठी. "सगळी एकदम उघडी मांडलेली मला एकदा बघायचीत. घरात ते होत नाही. जमीन पुरत नाही आणि तुझी बायको झाडू घेऊन येते. मला दिसतंय तोवर मांड."

मी म्हटलं होतं, "दिवाळीच्या आत मांडतो."

"ह्या का पुढच्या?"

"ह्याच."

पुस्तकं आम्ही लवकर हलवली, कारण सचिवांना वर्तमानपत्रात फोटो द्यायचा होता. सचिवांचं डहाणूत हार्डवेअरचं दुकान. माणूस सज्जन, घरी गुजराती, बाहेर मराठी, आणि संस्थेसाठी जीव टाकणारा. सगळे त्यांना सचिवभाई म्हणत. फोटो आला. पुस्तकं काउंटरांत गेली, कुलपं लागली. मग राहिले फक्त प्रमुख पाहुणे.

आमच्याकडे काहीही पाहुण्यांशिवाय उघडत नाही. पाणपोई नाही, शाळेची नवी मुतारीसुद्धा नाही. पाहुणे मोठे होते. त्यांनी हो म्हटलं आणि तारीख दिली, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली. ती उठली तर अधिवेशन लागलं. मग पाऊस लागला, आणि पावसात डहाणूला यायला नको असं त्यांच्याच कार्यालयातून कळलं. ह्याच दिवाळीच्या आत म्हणालो होतो, ती दिवाळी गेली. पुढची जवळ येऊ लागली.

रोज संध्याकाळी मी वाडीतून आलो की आत्या विचारायची, "लागली का तारीख?" कोर्टात दावा असलेली माणसं विचारतात तसं. आधी तिला पेपरातले मोठे मथळे वाचता यायचे. मग तेही बंद झाले. एकदा तिनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि चुकलंय हे आम्हाला कळू नये म्हणून तो चहा सगळा पिऊन टाकला.

मी सचिवभाईंच्या दुकानात गेलो. म्हटलं, "भाई, आत्याला एकदा दाखवू या. थोडा वेळ. काचा सरकवू, पुस्तकं उघडू, परत बंद करू. कोणाला कळणार नाही."

"अरे भाई, उद्घाटनाच्या आधी दाखवलं तर मग पाहुण्यांनी उघडायचं काय?"

"पुस्तकं तिचीच आहेत हो."

"म्हणून तर. घरचं माणूसच आधी जेवून बसलं तर पाहुण्यांना कसं वाटेल?"

मला उत्तरं साधारणपणे घराच्या फाटकापाशी पोचल्यावर सुचतात. त्या दिवशी तिथंही सुचलं नाही.

युक्ती बायकोची. ती म्हणाली, "अहो, दसरा येतोय. दर दसऱ्याला आपण ती पुस्तकं पूजतो की नाही? पूजेला कोण नको म्हणणार?"

खरंच होतं. दसऱ्याला आमच्याकडे पाटावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढलेली पाटी, वाडीतले कोयते, कात्र्या, आणि आजोबांच्या पुस्तकांतली काही पुस्तकं अशी पूजा मांडायची रीत होती. मी लगेच सचिवभाईंना गाठलं. पुस्तकं घरी नेता येणार नसतील तर पूजा तिथंच येऊन करू, म्हटलं. सचिवभाईंचा चेहरा उजळला.

"वा. हे तर करायलाच पाहिजे. मला कसं नाही सुचलं?"

मी खूश. माझा बेत असा होता: सकाळी आत्याला घेऊन जायचं, सचिवभाईंनी कुलपं उघडायची, पूजेची तयारी चालू असताना मी एकेक पुस्तक ठरलेल्या पानावर उघडून ठेवायचं, आत्यानं ओळीनं बघायचं. तिच्यासाठी मी टेबलावरचा दिवासुद्धा पिशवीत घेतला होता. मग पूजा. देवीला तेवढा वेळ थांबायला हरकत नसावी.

दसऱ्याला सांगितलेली रिक्षा वेळेवर आली नाही. तिलाही हार घालायचा होता, पूजा करायची होती. आली ती केळीचे खांब बांधून आली, त्यामुळे तिला जोरात जाता येईना. आत्या नवी साडी नेसून मागे बसली होती, आणि पिशवीतला दिवा माझ्या मांडीवर होता.

जिना चढतानाच धुपाचा वास आला. वर गेलो तर हॉल भरलेला. समितीचे सगळे सभासद बायकामुलांसकट आले होते, भटजी आले होते, पेढे आले होते. सचिवभाईंनी काही कमी ठेवलं नव्हतं. सगळी काउंटरं उघडून, सगळी पुस्तकं बाहेर काढून, पाटांवर पांढऱ्या कापडावर रचली होती. बंद. उघड्या पानांवर कुंकू सांडायला नको म्हणून त्यांनी विचारपूर्वक मिटून ठेवली होती. प्रत्येक पुस्तकाला कागदाचं वेष्टन, त्यावर हळद-कुंकू, अक्षता, आणि झेंडूचं एकेक टपोरं फूल. आरती नुकतीच संपली होती.

"या, आत्या, या," सचिवभाई पुढे आले. "तुमचीच वाट बघत होतो. पण भटजींना अजून तीन ठिकाणी जायचंय."

"पूजा झाली?" आत्यानं त्यांच्या खांद्याकडे बघत विचारलं.

"झाली. एकदम मस्त झाली."

आत्यानं हात जोडले. मी तिला खुर्ची दिली आणि वाकून कानात म्हटलं, "आता गर्दी पेढ्यांकडे वळेल. मी एकेक पुस्तक उघडतो. तू बघ."

"वेडा आहेस का? पूजा मांडलीय."

"म्हणून काय झालं?"

"पूजेला लावलेलं पुस्तक पूजा हलवेपर्यंत उघडायचं नाही. ठाऊक नाही तुला? लहानपणी ह्या एका नियमावर तर तू खूश असायचास. दसऱ्याला अभ्यास नाही म्हणून."

"आत्या, आपण पूजा काढली ती कशासाठी? कोणाचं लक्ष नाहीये."

"बघणारं कोणी नाही म्हणून नियम मोडायचा असेल," आत्या म्हणाली, "तर मला आता रोजच मोकळीक आहे. पेढा दे."

मी तिला पेढा दिला. पुस्तकं तिच्यापासून हातभर अंतरावर होती. काच नव्हती, कुलूप नव्हतं, पाहुणे नव्हते. फक्त झेंडू होते. ती मान थोडी वळवून, पाटाच्या कडेकडे बघत बसली. ढीग दिसत असावा. मी माझी पिशवी खुर्चीखाली सरकवली.

निघताना सचिवभाई म्हणाले, "उद्या पूजा हलवली की मग काय ते." आत्या म्हणाली, "उद्या येते." 'उद्या' हा शब्द दोघांनी दोन अर्थांनी म्हटला होता, पण ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा पुस्तकं काउंटरांत होती, काचा बंद होत्या आणि कुलपं लागली होती. वाचनालयाच्या शिपायानं सांगितलं, सचिवभाईंनी पहाटे स्वतः येऊन पूजा हलवली, सगळं जागच्या जागी ठेवलं आणि ते राजकोटला सासुरवाडीला गेले. मी फोन लावला. चावी त्यांच्या खिशात होती, आणि खिसा अहमदाबादच्या पुढे गेला होता.

"पण दर्शन तर झालं ना काल?" ते म्हणाले. "आणि फुलं मी काढली नाहीत. प्रसादाची आहेत. पुस्तकांबरोबर असू दे."

काचेतून दिसत होतं. प्रत्येक पुस्तकावर पिवळं फूल, अजून ताजं. आत्यानं विचारलं, "काय दिसतंय?" मी म्हटलं, "फुलं."

सचिवभाई दिवाळीला परतले. तोवर आम्ही वलसाडला जाऊन आलो होतो. डॉक्टरांनी आत्याच्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं, आणि मग बोलताना तिच्याऐवजी माझ्याकडे बघून बोलायला लागले. त्यावरून मी काय ते समजलो. आत्याही समजली असणार, कारण परतताना तिनं तारखेचं विचारलं नाही.

तारीख नेमकी त्यानंतर लागली. थंडीत, अचानक, पुढच्याच आठवड्यातली. मग नुसती पळापळ. काउंटरं उघडून मी काळवंडलेले झेंडू झटकून काढले, हातमोजे घातले, पुस्तकं ठरल्या पानांवर उघडली, उतार बसवले, चिठ्ठ्या सरळ लावल्या. पुलावरच्या बाईच्या पुस्तकाखालचा उतार नीट बसेना, तेव्हा अर्धा दिवस त्याच्याशीच झटापट केली. उद्घाटन झालं. पाहुणे चांगलं बोलले. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वारली नाही ठेवलं काही?"

गर्दी ओसरल्यावर मी आत्याला तिच्या पुस्तकापाशी नेलं. ती काचेसमोर उभी राहिली. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, वर केली. सचिवभाई कोणी न सांगता पुढे आले आणि त्यांनी काच सरकवली. उद्घाटन झालेलं होतं, आता त्यांची ना नव्हती. मी टेबलदिवा धरला. आत्या पानाच्या कडेकडे बघत राहिली, मग दुसऱ्या कडेकडे, मग खालच्या.

"उजेड आहे," ती म्हणाली. "चांगला आहे उजेड."

मग दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागली, "काय बघितलंत?"

"छान आहे, आत्या."

"काय छान आहे?"

"सगळंच छान आहे."

एका बाईंनी बराच विचार करून सांगितलं, "जुनं-जुनं आहे सगळं." तेवढंच काय ते वेगळं.

परत येताना रिक्षात ती मला म्हणाली, "कंदील कुठल्या हातात आहे तिच्या?"

मला त्या पुस्तकाची लांबी-रुंदी ठाऊक होती. उताराचा कोन ठाऊक होता. शिवण कुठं कच्ची आहे, पातळ कागद कुठं दुमडलाय, चिठ्ठीवरचा मजकूर काय आहे, सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "उजव्या असावा."

"असावा?"

रिक्षावाल्यानंसुद्धा आरशातून माझ्याकडे बघितलं.

"इतके दिवस काय करत होतास तू तिथं?" आत्या म्हणाली. रागानं नाही, खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखी. "उद्या जा. नीट बघ आणि येऊन मला सांग."

मी गेलो. पेट्यांपुढे मी पहिल्यांदाच काही न मोजता उभा राहिलो. संध्याकाळी येऊन सांगितलं, कंदील डाव्या हातात आहे. "आणि?" आत्या म्हणाली. पुलाच्या कठड्यावर बर्फ आहे, पण बाई उभी आहे तिथला पुसला गेलाय. "आणि?" खाली पाणी गोठलंय. "सगळं?" ते मी बघितलं नव्हतं. पुन्हा गेलो. सगळं नव्हतं गोठलेलं, मधे एका ठिकाणी काळं पाणी मोकळं होतं. लांबच्या घरात एकच खिडकी पिवळी होती. बाईची शाल एका बाजूला जास्त उतरली होती. मी सांगायचो आणि आत्या डोळे मिटून ऐकायची. कधी म्हणायची, "बरोबर." कधी म्हणायची, "हे मी कधी बघितलं नव्हतं," आणि मग तेच परत सांगायला लावायची. वाडीतली कामं मागे पडली. बायको म्हणाली, "शाळेत असताना एवढा अभ्यास केला असतात तर." पण डबा ती वेळेवर द्यायची.

एक दिवस मी सांगितलं, "वर आभाळात एक पक्षी आहे. लहानसा."

"पक्षी नाही तिथं."

"आहे, आत्या. उजव्या कोपऱ्यात."

"अरे, त्या चित्रात पक्षी नाही. आभाळ रिकामं आहे. म्हणून तर ती बाई एवढी एकटी वाटते."

"मी आज बघून आलोय."

"मी सत्तर वर्षं बघत आलेय."

दुसऱ्या दिवशी मी काचेला नाक लावून बघितलं. पक्षी होता. पण त्याला चोच नव्हती, पंख नव्हते, आणि कडा लवेसारख्या होत्या. त्याच्या खाली आणखी दोन होते, टाचणीच्या डोक्याएवढे. आदल्या दिवशी ते होते की नव्हते, मला सांगता येणार नाही.

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, बुरशी आहे, पुस्तक ताबडतोब बाहेर काढा, बंद पेटीत ती पसरत जाईल. मग विचारलं, "आत काही ओलं राहिलं होतं का?" मी म्हटलं, "दसऱ्याची फुलं." मग त्यांनी विचारलं, "किती दिवस?" मी ते सांगितलं नाही. म्हटलं, आवाज तुटतोय.

सचिवभाईंना खरंच वाईट वाटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. पण म्हणाले, "समारोपाशिवाय पुस्तक कसं काढायचं? मधे मोकळी पेटी दिसली तर लोक काय म्हणतील? समारोपाला पाहुणे येणार आहेत. विचारलंय त्यांना."

"कधी येतायत?"

"कळवतील."

मी घरी आलो आणि आत्याला म्हटलं, "तुझं बरोबर. पक्षी नाही. बुरशी आहे."

तिनं माझ्या कानाकडे बघत विचारलं, "ती फुलं?"

"हो."

"मी त्या दिवशी उघडायला हवी होती."

"तू नाही ग. पूजा मी काढली."

"पूजा काढली म्हणून कोणी चुकत नाही," आत्या म्हणाली. मग विचारलं, "वाढतेय?"

"मला नीट सांगता येत नाही."

"मग रोज जाऊन बघ."

सकाळी करंड्या गाडीत चढवून मी डहाणूला गेलो. हॉलमध्ये एक म्हातारे गृहस्थ एकटेच होते. हात मागे बांधून ते एकेका पेटीपुढे थांबत होते, घाई न करता. आमच्या प्रदर्शनात इतक्या सावकाश बघणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. पुलापाशी ते खूप वेळ थांबले. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी काचेवर बोट न टेकवता उजव्या कोपऱ्याकडे दाखवलं.

"काय हात असेल बघा त्या चित्रकाराचा," ते म्हणाले. "बाकी सगळं थिजलेलं आहे, आणि ते पक्षी तेवढे जिवंत."

"हो," मी म्हटलं.